मीटरपलीकडचे घर

१८८२ सालची गोष्ट. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, विजेचे दिवे लागले. शहराला १८६५ पासून रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांची सवय होती. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने नगरपालिकेशी करार करून मंडई आणि काही रस्ते विजेने उजळण्याचे काम घेतले. पण पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडई पुन्हा गॅसवर आली. मुंबईकरांच्या घरात वीज नियमितपणे यायला त्यानंतर आणखी वीस-बावीस वर्षे लागली.

त्याच १८८२ च्या जून महिन्यात लंडनमध्ये चार पानांची एक पुस्तिका निघाली. विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी कशा टाळाव्यात याचे नियम तिच्यात होते. तारायंत्राच्या आणि विजेच्या इंजिनियरांच्या संस्थेने नेमलेल्या समितीने ते लिहिले. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन या समितीत होते, विल्यम क्रुक्स होते आणि आर. ई. क्रॉम्प्टनही होते. क्रॉम्प्टन तरुणपणी फौजेच्या नोकरीत हिंदुस्थानात राहून गेलेले. मराठी घरांच्या छतांना टांगलेल्या पंख्यांवर आजही ज्यांचे आडनाव दिसते, तेच हे. या जाणकारांनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. पहिली अशी की, घरातल्या विजेचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे ओल. दुसरी, नव्या विजेचा धोका मुख्यतः ती बसवणाऱ्याच्या अज्ञानातून येतो. म्हणून जाणत्या, अनुभवी माणसाची देखरेख हाच सुरक्षिततेचा मुख्य आधार.

ओल आणि अडाणी हात. वर्षातले चार महिने भिंतींना पाणी सुटते अशा मुलखातल्या माणसाला यातले काहीच समजावून सांगायला नको. तेव्हापासून एकशे चाळीस वर्षांत तारा बदलल्या, बटणे बदलली, घरे चाळीवरून टॉवरवर गेली. वैरी मात्र तेच दोन राहिले आहेत.

वायरिंगची तपासणी करावी ही कल्पना विमा कंपन्यांनी सर्वांत आधी उचलून धरली, कारण आग लागली की पैसे त्यांच्या तिजोरीतून जात. लंडनच्या फिनिक्स फायर ऑफिसमधल्या मसग्रेव्ह हीफी यांनी १८८२ मध्येच आपल्या कंपनीसाठी वेगळे नियम केले. अमेरिकेत १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातली हजारो दिव्यांची वायरिंग तपासायला विमावाल्यांनी विल्यम मेरिल नावाच्या तरुण इंजिनियराला पाठवले. त्यातूनच पुढच्या वर्षी अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही चाचणीशाळा उभी राहिली. आधी मालमत्तेची काळजी वाहिली गेली आणि मग माणसाच्या जिवाची, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईत ७ ऑगस्ट १९०५ रोजी वीजपुरवठ्याच्या परवान्यावर सह्या झाल्या आणि ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’, म्हणजे पुढची ‘बेस्ट’, उभी राहिली. वाडीबंदरला वीजघर निघाले. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली. उपनगरांसाठी १९२९ मध्ये बीएसईएस आली. हा इतिहास पुष्कळदा सांगून झाला आहे. त्या विजेसाठी घराच्या भिंतीवर काय चढले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

भिंतीवर चढली ती लाकडी पट्टी. सागवानी पट्टीत दोन खाचा, एका खाचेत फेजची तार आणि दुसरीत न्यूट्रलची, वरून स्क्रूने बसवलेले लाकडी झाकण. याला केसिंग-कॅपिंग म्हणत. तार तांब्याची, तिच्यावर रबराचा थर आणि रबरावर विणलेले सुती कापड. छताला लाकडी गोल ठोकळा, त्यावर चिनी मातीची सीलिंग रोज आणि तिथून लोंबणाऱ्या पिळाच्या वायरीला होल्डर. दाराजवळ पितळी टोपणाचे गोल बटण, वर-खाली करताना खट्ट असा आवाज करणारे. पुढे बारीक लाकडी बॅटनवर चिमट्यांनी धरलेली वायर आली, गिरण्या-गोदामांत लोखंडी नळ्या आल्या. काम मात्र सुताराच्या निगुतीने केलेले असे. काटकोन बरोबर काटकोनात असे आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यातून बोटाचे नखही आत जात नसे. गिरगावातल्या, दादरमधल्या आणि पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत या पट्ट्या रंगाच्या अनेक थरांखाली अजून सापडतात.

पण लाकूड ओल पिते. रबर उष्णतेने कडक होते आणि काही वर्षांनी हात लावला की भुगा होऊन पडते. दिव्याच्या डोक्यावर सतत गरम राहणारी तार आधी उघडी पडते, आणि ती वरच्या ठोकळ्याआड असल्यामुळे कुणाला दिसत नाही. सुरुवातीला व्यवस्थित असलेली वायरिंग कुणी चुकीचे काही केले नाही तरीही केवळ वयामुळे धोकादायक होते. माणसाला चष्मा लागतो तसेच हे आहे. म्हणूनच एकदा तपासून भागत नाही, पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

हे तपासायचे साधनही तेव्हाच आले होते. लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ‘मेगर’ नावाचे उपकरण बाजारात आणले. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा, वर काटा. दांडा फिरवला की आतला छोटा डायनॅमो ५०० व्होल्टचा दाब तयार करतो आणि तारेच्या आवरणातून किती वीज गळते ते काटा दाखवतो. मोजमाप मेगओहममध्ये, म्हणून नाव मेगर. या नावाचे मराठीत क्रियापदही झाले. कामगार आजही एकमेकांना विचारतात, ‘लाइन टाकली, पण मेगर मारला का?’ ओल लागलेल्या भिंतीतली तार डोळ्यांना धडधाकट दिसते. मेगरचा काटा मात्र तिचे खरे वय सांगतो.

कायदाही मागे नव्हता. हिंदुस्थानात १९०३ चा वीज कायदा होता, नंतर १९१० चा आला. १९१० च्या कायद्याने सरकारला इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर नेमण्याचा अधिकार दिला. मराठीत त्यांना आपण विद्युत निरीक्षक म्हणतो. पुढे १९३७ चे नियम आले आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ चे इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स. या १९५६ च्या नियमांपाशी थोडे थांबायला हवे.

वायरमन मंडळींना त्यातल्या काही नियमांचे आकडे तोंडपाठ असत. नियम ३२ सांगे की, न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटे बटण बसवायचे नाही. कारण मग बटण बंद केले तरी होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याचा घात होतो. नियम ३५ ने कवटी आणि दोन हाडांची ‘धोका’ पाटी स्थानिक भाषेत लावायला सांगितली. नियम ४४ ने शॉक लागलेल्या माणसावर करायच्या उपचारांचा तक्ता कारखान्यात आणि वीजघरात टांगायला लावला. नियम ४५ ने वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचे, असे बंधन घातले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला सूट होती, पण संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार नसेल तरच. नियम ४७ प्रमाणे जोडणी देण्याआधी पुरवठादाराने ग्राहकाची वायरिंग तपासायची, तिची चाचणी घ्यायची आणि नोंद ठेवायची.

आणि नियम ४६. वीज जोडलेली प्रत्येक संचमांडणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासली गेली पाहिजे, असे तो सांगत होता. ही तपासणी राज्य सरकार सांगेल त्याप्रमाणे निरीक्षकाने किंवा पुरवठादाराने करायची. ‘प्रत्येक’ या शब्दात गिरणी आली, सिनेमागृह आले आणि परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोलीही आली.

म्हणजे घराच्या वायरिंगची व्यावसायिक तपासणी हे परदेशातून नव्याने आलेले खूळ नव्हे. जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच ते इथल्या नियमपुस्तकात काळ्या शाईने छापलेले होते. महाराष्ट्रातल्या आजच्या साठीतल्या माणसाने आठवून पाहावे, आयुष्यात किती वेळा कुणी मेगर घेऊन त्याच्या घरी वायरिंग तपासायला आले. मीटर वाचणारा दर महिन्याला येतो. मीटरच्या पलीकडे, घरात, कुणी येत नाही.

असे का झाले, याची कारणे एकाहून अधिक आहेत. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले तेव्हा राज्यासमोरचे काम होते गावोगाव खांब पोचवायचे आणि विहिरींवर पंप बसवायचे. सारे मनुष्यबळ लाइन ओढण्यात गेले. नव्या गावांत वीज पोचवायची असताना पाच वर्षांपूर्वीची वायरिंग तपासायला माणूस कुठून येणार? हे समजण्यासारखे आहे. मुंबईचे कारण वेगळे होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महिना दहा-पंधरा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूची वायरिंग मालक बदलीना. आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरू बदलीना. जिन्याखालच्या मीटरखोलीत तारांवर तारा चढत गेल्या. कोण कुणाची, हे तिथल्या जुन्या वायरमनलाच ठाऊक. तो गेला की तेवढेही नाही. १९६९ नंतर जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आले, पण त्याचा हात प्रामुख्याने तुळया, खांब आणि जिने यांच्यापर्यंतच पोचला.

तिसरे कारण सांगायला अवघड, पण टाळण्यासारखे नाही. जोडणीच्या अर्जाला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. आवरणाचा रोध किती, अर्थिंग कसे, किती पॉइंट, हे सगळे त्यात भरायचे असते. हा कागद म्हणजे तपासणीचा आत्माच. पण घर न पाहता, मेगरची पेटी न उघडता, आकडे भरून त्यावर सही-शिक्का मिळतो हे वीज घेणाऱ्या सामान्य माणसाला चांगले माहीत आहे, आणि त्यालाही तो कागद अर्जाला लावायचा एक कागद एवढाच वाटतो. १८८२ च्या पुस्तिकेतला दुसरा वैरी इथे कागदाच्या रूपाने घरात शिरला.

दरम्यान घरातला भार वाढत होता. १९५० च्या आसपास बहुतेक मध्यमवर्गीय घरांत दोन-तीन दिवे, एक पंखा आणि फार तर रेडिओ. मग इस्त्री आली, मिक्सर आला, फ्रिज आला, गीझर आला. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपियर ओढतो. साठ वॉटचा दिवा पाव अँपियर. दिव्यासाठी टाकलेल्या बारीक तारेवर गीझर जोडला तर तिची काय गत होते, ते गणितातच आहे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. त्यातच साठ-सत्तरच्या दशकांत तांबे महाग आणि दुर्मिळ झाल्याने पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची तार पडली. ॲल्युमिनियम मऊ असते. स्क्रूखाली दबते, हवेने त्याच्यावर साय धरते, सांधा सैल होतो आणि सैल सांधा तापतो. त्या काळातल्या अनेक इमारती आज पन्नाशीला आल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींत ती तार अजून आहे.

फ्यूजची गोष्ट तर प्रत्येक घरातली. चिनी मातीचा पांढरा किटकॅट फ्यूज, त्यात बारीकशी कल्हईची तार. ती मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते, म्हणजे भार वाढला की भिंतीतली तार जळण्याआधी ती जळावी. पण संध्याकाळी पाहुणे आले असताना फ्यूज उडाला, की घरातला हुशार माणूस वायरीचे चार-पाच पदर पिळून तिथे लावी. ‘आता पुन्हा जाणार नाही’ असे तो अभिमानाने सांगे. ते खरेही असे. आता आधी भिंत जळणार होती.

आपल्या घरातल्या प्लगचाही छोटासा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १९३४ मध्ये गोल पिनांच्या प्लगचे प्रमाण ठरले, पाच आणि पंधरा अँपियरचे. महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, ब्रिटनने चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग घेतला. भारताने गोल पिना ठेवल्या. भारतीय मानकांनी पुढे त्यांचे सहा आणि सोळा अँपियर केले, तरी दुकानात अजून ‘पंधरा अँपियरचा सॉकेट द्या’ असेच मागितले जाते. वरची तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती उगीच नव्हे. प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे, यासाठी. मात्र कितीतरी जुन्या घरांत त्या तिसऱ्या भोकामागे तारच नाही. सॉकेटला तीन भोके आहेत म्हणून घरचे निर्धास्त असतात. दोन उघड्या तारा काडेपेटीच्या काडीने सॉकेटात खोचून टेबलफॅन चालवणारी घरे तर आजही आहेत.

ती तिसरी तार नसली की काय होते? फ्रिजच्या आत कुठे ओल धरली आणि फेज पत्र्याला टेकला, तर वीज जमिनीत जायला वाट शोधते. अर्थिंग चांगले असेल तर मोठा प्रवाह धावतो, फ्यूज उडतो, धोका टळतो. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध १०० ओहम झाला असेल, तर प्रवाह सव्वादोन अँपियरच्या आसपास. पाच अँपियरचा फ्यूज जागचा हलत नाही आणि फ्रिज तसाच जिवंत उभा राहतो. ‘फ्रिजला हात लावला की थोडं झिणझिणतं’ असे घरोघर जे सहज सांगितले जाते, त्याचा अर्थ बहुधा हा असतो. मीठ आणि कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची रीत जुन्या वायरमननी पाळली, ती याचसाठी. इमारतीच्या आवारात फरशी बसवली आणि खड्डा तिच्याखाली गाडला गेला, की ते पाणीही संपले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतले चार्ल्स डाल्झील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात माणसाच्या शरीरातून किती वीज गेली म्हणजे काय होते, याचे सविस्तर मोजमाप केले. पुरुषाच्या हातून सरासरी १६ मिलिअँपियर गेले की मूठ वळते आणि पकडलेली वस्तू सुटत नाही. बाईच्या बाबतीत साडेदहा. साठ वॉटच्या दिव्यातून जाणारा प्रवाह पुरुषाच्या या मर्यादेच्याही सुमारे सोळापट असतो. मग पाच अँपियरच्या फ्यूजला माणूस मरतोय हे कळणार कसे? फ्यूज आणि त्याच्या जागी आलेला एमसीबी वायरीला वाचवतात. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे, आरसीसीबी. वायरमनच्या तोंडी ते ईएलसीबीच आहे. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत आली नाही, तीस मिलिअँपियर जरी कुठे गळले, तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत ते मेन तोडते.

भारतीय नियमांत हे गळतीरक्षक उपकरण आले खरे, पण नियम ६१-अ ने त्यातून २५० व्होल्टच्या आतल्या, पाच किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या वगळल्या. म्हणजे मोठ्या बंगल्याला सक्ती आणि एका खोलीच्या घराला सूट. ज्या घरात वायरिंग सर्वांत जुनी, भिंत सर्वांत ओली आणि मोरीत बसून कपडे धुणारी बाई अनवाणी, त्याच घराला हे कवच सक्तीचे नव्हते. खर्च वाचवण्याच्या विचाराने केलेली ही सूट चूक होती. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मेलेल्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत वर्षाला बारा हजारांच्या वर आहे. त्यात शेतातले, खांबावरचे, कारखान्यातले मृत्यू धरलेले आहेत हे खरे. पण मोरीतले आणि ओट्याजवळचेही त्यातच आहेत.

२००३ मध्ये नवा वीज कायदा आला. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने १९५६ च्या नियमांची जागा घेणारी सुरक्षा विनियमावली काढली आणि २०२३ मध्ये तिचीही नवी आवृत्ती आली. पाच वर्षांचे अंतर कायम राहिले. फरक एवढा पडला की, ठरावीक व्होल्टेजपर्यंतच्या संचमांडणीची तपासणी मालकाने करून घेऊन स्वतःच प्रमाणित करावी, असा मार्ग निघाला. जबाबदारी सरकारकडून घरधन्याकडे आली. बहुतेक घरधन्यांपर्यंत ही बातमी पोचलेली नाही.

तपासणीची संस्कृती आपल्याकडे नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९३९ च्या बॉम्बे लिफ्ट्स ॲक्टपासून लिफ्टची तपासणी इथे सरकारी निरीक्षक करत आले आहेत, आणि लिफ्टचा परवाना हा सोसायटीच्या कपाटातला महत्त्वाचा कागद असतो. इमारत पंधरा वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. गणेशोत्सवाच्या मांडवालाही तात्पुरत्या जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा अहवाल लागतो. खांब तपासले, लिफ्ट तपासली, मांडव तपासला. ज्या घरात माणूस रोज झोपतो, त्याच्या भिंतीतली तार तेवढी राहिली.

इतर देशांकडे पाहिले की हे अंतर अधिक जाणवते. इंग्लंडने २०२० पासून खासगीरीत्या भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराची वायरिंग दर पाच वर्षांनी तपासून अहवाल भाडेकरूच्या हाती देणे घरमालकावर बंधनकारक केले. मोडणाऱ्याला तेव्हा तीस हजार पौंडांपर्यंत दंड ठरवला. पाच वर्षे हे अंतर आपल्या १९५६ च्या नियमातलेच आहे. फ्रान्समध्ये पंधरा वर्षांपेक्षा जुनी वायरिंग असलेले घर विकताना २००९ पासून विजेचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. जपानचे उदाहरण सर्वांत अनुकरणीय. तिथे सर्वसाधारणपणे चार वर्षांतून एकदा तपासनीस घरी येतो, वीजगळती मोजतो, निकाल लिहून देतो, आणि त्याबद्दल घरच्यांकडून पैसे घेत नाही. जे काम आपल्या नियम ४६ ने सांगितले होते, ते तिथे रोज होते आहे.

चांगली तपासणी पाहिली की तिच्यात गूढ काही नाही हे कळते. आयटीआयमध्ये ज्याला तारतंत्री किंवा वीजतंत्री म्हणतात, असा शिकलेला, सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस आधी मीटरखोलीत जातो. जळका वास, काळवंडलेली टर्मिनले, सैल सांधे पाहतो. मग मेन बंद करून दिवे, पंखे, उपकरणे सोडवतो आणि मेगर लावतो. भारतीय मानकातला जुना हिशोब असा: पन्नास भागिले पॉइंटची संख्या, एवढे मेगओहम तरी यायला हवेत. पंचवीस पॉइंटच्या घरात दोन. कमी आले तर तो एकेक फांदी सोडवत जातो आणि बहुधा मोरीच्या किंवा बाहेरच्या भिंतीपाशी पोचतो, जिथे ओल आहे. मग प्रत्येक सॉकेटात फेज उजवीकडे आहे का, बटण फेजवर आहे का, तिसऱ्या भोकात खरोखर अर्थ आहे का, हे पाहतो. अर्थिंगचा रोध मोजतो. एमसीबी तारेच्या जाडीला साजेसा आहे की गीझर चालावा म्हणून कुणी मोठा बसवला आहे, हे तपासतो. किटकॅटमधल्या पिळलेल्या पदरांचा हा आजचा वारसदार. शेवटी आरसीसीबी किती मिलिअँपियरला आणि किती वेळात पडतो ते यंत्र लावून बघतो. दोन-तीन खोल्यांच्या घराला हे सगळे नीट करायला अर्धा दिवस पुरतो.

या कामाला मान नाही, हे दुखणे आहे. नवे झुंबर लावणाऱ्याला लोक आनंदाने पैसे देतात. ‘सगळं ठीक आहे’ किंवा ‘ही लाइन बदला’ एवढेच सांगून जाणाऱ्याला मोबदला द्यायला हात आखडतो. म्हणून चांगले वायरमन तपासणीत वेळ घालवत नाहीत, आणि घरमालकाला वाटते की तपासणी म्हणजे टेस्टर लावून दिवा पेटतो का ते पाहणे. टेस्टरने फक्त फेज आहे एवढे कळते. गळती, अर्थिंग, आवरणाचे वय यातले त्याला काहीच कळत नाही.

तेव्हा पावसाळ्याआधी एकदा तारतंत्र्याला बोलवावे. विशेषतः घर पंचवीस-तीस वर्षांचे असेल, भिंतीला ओल असेल किंवा एसी नव्याने बसवला असेल तर. परवाना पाहावा, मेगरचे आणि अर्थिंगचे आकडे तारखेसह लिहून घ्यावेत आणि तो कागद सोसायटीच्या पावतीइतका जपावा. आणि आज घरी पोचल्यावर मेन बोर्डाचे झाकण उघडून आरसीसीबी शोधावा. त्यावर ‘टी’ अक्षराचे एक बारीक बटण असते. ते दाबावे. घरातले दिवे गेले पाहिजेत. गेले नाहीत, किंवा असे बटणच बोर्डात सापडले नाही, तर उद्या सकाळी पहिला फोन त्यासाठी करावा.